पितळेकाकांच्या बायका

पितळेकाका लोकांच्या ड्राइव्हवेवर उभे राहून परक्या बायकांना नावानं हाका मारायचे. "मालती! अगं, तू इथं कशी?" शनिवारी सकाळी, चांगल्या मोठ्या आवाजात. घरमालक हातात कॉफीचा कप धरून बघत राहायचा. विकायला मांडलेल्या त्याच्या टेबलावर मुलांचे जुने स्केट्स, ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळा, अर्धवट चालणारा टोस्टर, आणि त्यांच्यात एक काळा पडलेला पितळी गडू. गडूच्या काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं असायचं: 'चि. सौ. कां. मालती हीस मामाकडून.' काका चष्मा कपाळावर चढवून ते वाचायचे, मग घरमालकाकडे वळून म्हणायचे, "सर, धिस इज मालती. हर मदर्स ब्रदर गेव्ह हर धिस." घरमालक म्हणायचा, "ओह, नाइस." आणि मालती काकांच्या व्हॅनमध्ये बसायची.

काका फक्त अशीच भांडी घ्यायचे, नाव घातलेली. आपल्याकडे भांड्याच्या दुकानात भांडं पसंत झालं की दुकानदार विचारायचाच, "नाव घालायचं ना?" मग तो छिन्नी आणि हातोडी घेऊन टकटक करत बसायचा. कुणाला, कुणाकडून, कधी गावाचं नाव. सत्तर सालच्या आसपास जे डॉक्टर, इंजिनिअर, प्रोफेसर कॅनडात आले त्यांच्या बायकांच्या ट्रंकेत असं एखादं तरी भांडं होतंच. कपडे काढा, लोणचं काढा, पण हे राहू दे. ती माणसं आता म्हातारी झाली. काही गेली, काही मुलांच्या बेसमेंटमध्ये आली, काही म्हाताऱ्यांच्या होममध्ये. घर रिकामं करायचं म्हटलं की गराज सेल लागतो, आणि मुलांना टिंबं वाचता येत नाहीत.

काकांचं म्हणणं साधं होतं. ही भांडी एकतर घरच्यांकडे परत जावीत, नाहीतर कुठेतरी एकत्र राहावीत. भट्टीत जाऊ नयेत. "पितळ वितळलं की ते नुसतं पितळ होतं," ते म्हणायचे. एवढंच त्यांना हवं होतं. मी ओळखत होते तेवढी सगळी वर्षं ते याच एका गोष्टीच्या मागे होते, आणि ती गोष्ट झाली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटी काहीतरी चांगलं घडेल म्हणून कुणी वाचत बसू नये.

पितळे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. जवळच्या किचनर शहरातल्या मराठी मंडळींनी पाठीमागे ठेवलेलं नाव पुढे तोंडावर आलं. पुण्याहून नवीन आलेल्या एका मुलानं त्यांना विचारलं होतं, "काका, दादरचे पितळे तुमचे कोण?" काकांनी न हसता उत्तर दिलं, "चुलत." तो मुलगा दोन वर्षं ते खरं धरून चालला होता.

मी किचनरला सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आले तेव्हा त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहिले. किचनरपासून अर्ध्या तासावरचं लहान गाव, एकच मुख्य रस्ता, दोन चर्च, एक हार्डवेअरचं दुकान. बेसमेंटच्या अर्ध्या भागात मी आणि अर्ध्या भागात त्यांची भांडी. कळश्या, गडू, पराती, डबे, एक पाण्याचा बंबसुद्धा. सामान लावताना माझा तांब्या त्यांना दिसला. माझे वडील एसटीच्या डेपोत हेल्पर होते आणि आईला सही करता यायची, तेवढीच. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि हे सांगताना मला कधी संकोच वाटलेला नाही. निकाल लागला त्या दिवशी आई नांदेडला भांड्याच्या दुकानात गेली आणि तांब्यावर माझं नाव घालून आणलं, नावापुढे 'बी.ई.' दुकानदाराला तिनं तीनदा विचारलं म्हणे, दोन्ही टिंबं नीट दिलीत ना? काकांनी तो तांब्या हातात घेऊन बराच वेळ फिरवला. म्हणाले, "मामाकडून पाहिलं, आत्याकडून पाहिलं, डिग्री पहिल्यांदाच बघतोय." तेव्हापासून मी 'बी.ई.' झाले. "काय बी.ई., उद्या सहाला तयार ना?"

मे महिना लागला की शनिवार त्यांचे. गावात खांबाखांबांवर कागद चिकटलेले असायचे, बाण काढलेले. काका म्हणायचे, "आपल्याकडे कुणाच्या दारी गर्दी दिसली तर समजायचं, कार्य आहे. इथं गर्दी दिसली तर समजायचं, कार्य आटोपलं." नेम एकच: आधी माणसाशी बोलायचं, मग वस्तूकडे बघायचं. त्यामुळे उशीर व्हायचा आणि चांगल्या वस्तू दुसरेच उचलायचे. काकांना त्याचं काही नव्हतं. "आपल्या बायका कोण उचलणार?" खरंच कुणी उचलत नसे.

त्या चांगल्या वस्तू उचलणारा म्हणजे मुख्यतः डग. शाळेची बस चालवून रिटायर झालेला, सहा फुटी, लाकूड तासायचे जुने रंधे गोळा करणारा. त्याच्या बायकोनं घरात आणखी एक रंधा आला तर मी जाईन असं जाहीर केलं होतं, म्हणून तो पिकअपच्या सीटखाली लपवून ठेवायचा. त्याला कुठं पितळ दिसलं की तो टेबलावर दोन्ही हात पसरून उभा राहायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही, आणि रस्त्याच्या टोकाला काकांची व्हॅन दिसली की ओरडायचा, "विश! आय गॉट वन ऑफ युअर लेडीज!" विश म्हणजे विश्वनाथ, काकांचं खरं नाव. सगळा रस्ता वळून बघायचा. काका खाली मान घालून लगबगीनं जायचे, आणि बहुतेक वेळा ती मुरादाबादची फुलदाणी निघायची. "नॉट माइन, डग," काका म्हणायचे. डग म्हणायचा, "शी लुक्ड लाइक युअर टाइप."

एकदा एका घरी पोर्चवर एक देखणी पितळी पिकदाणी होती आणि तिच्यात हॅलोवीनच्या चॉकलेटांचा ढीग. घरच्या बाई प्रेमानं म्हणाल्या, घ्या ना एखादं. काकांनी घेतलं, खाल्लं, थँक्यू म्हटलं, आणि गाडीत बसल्यावर दरवाजा लागेपर्यंत दम धरला. मग असे हसले की गाडी सुरू करता येईना. "बी.ई., कुण्या सरदाराची थुंकी असेल गं तिच्यात!"

घरी आल्यावर ड्राइव्हवेवर पाट टाकून चिंच आणि मीठ लावून घासत बसायचे. नाव झिजू नये म्हणून त्या जागी दात घासायचा मऊ ब्रश. काकू खिडकीतून म्हणायच्या, "लोकांच्या बायकांचे लाड झाले की आतलं सिंक रिकामं करा. त्यात घरच्या बाईची भांडी पडलीत." काकू गमतीनं म्हणायच्या, पण पूर्ण गमतीनं नाही. एकदा मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "मला ह्यांची भीती वाटते गं. हे सगळं कुणाच्या गळ्यात पडणार? निखिलच्या. आणि तो बिचारा नाही म्हणणार नाही, तेच वाईट." निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा, कॅलगरीला असतो.

ब्रॉसार्डची गोष्ट सांगायलाच हवी. काकांना एक मोठं तांब्याचं गंगाळ मिळालं होतं, दोन्ही बाजूंना कड्या. त्यावर कोरलेलं: 'सौ. कां. प्रमिला हिच्या विवाहप्रसंगी मावशीकडून. वाई.' गाव दिलेलं असलं की काका पेटून उठायचे. सगळा हिवाळा फोन चालले. "वाईची प्रमिला कुणाला माहीत आहे का हो? सत्तरच्या आसपास आलेली?" टोरांटो झालं, ओटावा झालं. शेवटी हॅलिफॅक्सच्या एका रिटायर्ड डॉक्टरांनी सांगितलं, "वाईची ना? अहो, त्या आधी तुमच्याच बाजूला होत्या. आता मुलीकडे असतात, मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला." काकांनी फोन करून फक्त भेटायला येतो म्हणून कळवलं. गंगाळाचं बोलले नाहीत. "चेहरा बघायचाय मला तिचा," म्हणाले.

पहाटे निघालो. गंगाळ मागच्या सीटवर, काकूंच्या जुन्या शालीत गुंडाळलेलं. मॉन्ट्रियलची नदी ओलांडली तेव्हा काकांनी गाडी थांबवून शर्ट बदलला. प्रमिलाताई नव्वदीला टेकलेल्या, पण ताठ, खुर्चीत बसलेल्या. मुलगी पन्नाशीची, मराठी सगळं कळणारी, बोलणारी इंग्लिशमध्ये. काकांनी शाल उलगडली आणि गंगाळ त्यांच्या पायाशी ठेवलं. त्यांनी वाकून बघितलं. मुलीनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"हे कुठून आणलंत?" प्रमिलाताई म्हणाल्या.

"आमच्या गावच्या गराज सेलमधून! हरवलं होतं ना तुमचं?"

"हरवतंय कशाला? मीच हिला काढायला सांगितलं."

"अंकल, आय ॲम सो सॉरी," मुलगी म्हणाली. "आय पुट द स्टिकर ऑन इट मायसेल्फ."

प्रमिलाताईच पुढे म्हणाल्या, "अहो, ह्या मावशीनं माझ्या आईच्या पाटल्या ठेवायला म्हणून नेल्या त्या कधी परत दिल्या नाहीत. आणि माझ्या लग्नात हे गंगाळ देऊन मोकळी झाली. वर नाव घालून! सासूबाईंनी बोटीवर चढवलं म्हणून आलं बरोबर. इतकी वर्षं ते बघितलं की मला त्या पाटल्या दिसायच्या. शेवटी एकदाचं गेलं म्हणून सुटले, तर तुम्ही परत घेऊन आलात?"

मुलगी हसावं की रडावं अशी उभी. प्रमिलाताईंनी काकांच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही चांगले आहात हो. एवढ्या लांबून आलात. जेवून जा. आणि जाताना ते मात्र घेऊन जा."

आम्ही जेवलो. पिठलं-भात केला होता आणि सोबत क्रोसाँ. गंगाळ पुन्हा शालीत गेलं. परतताना किंग्स्टनला कॉफीला थांबलो तेव्हा काका म्हणाले, "पण नाव तर तिचंच आहे ना, बी.ई.?"

"तिचंच आहे, काका."

"तिला नको. मावशी नाही. मग आता ते कुणाचं?"

कॉफी संपवून निघालो.

त्यानंतर काकांनी घरच्यांना शोधणं कमी केलं आणि सगळ्यांना एकत्र ठेवायला जागा शोधू लागले. मराठी मंडळाच्या सभेत विषय मांडला. सेक्रेटरी मुलगा चांगला होता, म्हणाला, "काका, आयडिया मस्त आहे, पण आपले ढोल-लेझीमच आपण माझ्या गराजमध्ये ठेवतो. मी कार बाहेर लावतो, तिच्याभोवतीचा बर्फ शोव्हल करतो रोज." कुणीतरी सुचवलं, दर गणपतीला एक-एक भांडं बक्षीस द्यावं. काका म्हणाले, "बायका बक्षीस देतात होय?" सभा हसली आणि पुढच्या विषयाकडे गेली. देवळात विचारलं. तिथं म्हणाले, स्टीलचं असेल तर चालेल, पितळ घासायला व्हॉलंटियर मिळत नाहीत.

गावात एक छोटं म्युझियम आहे, जुन्या शाळेच्या इमारतीत. तिथल्या बाईंनी खरोखर मन लावून ऐकलं. मालतीचा गडू हातात घेतला. मग विचारलं, "अँड हू वॉज मालती?" कधी आली, कुठं राहिली, काय करायची? काका म्हणाले, तिला मामा होता. बाई वाट बघत राहिल्या. काकांना आणखी काही सांगता येईना, कारण त्यांना तेवढंच माहीत होतं. परत येताना गाडीत म्हणाले, "इतकी वर्षं ओळखतो म्हणत होतो गं तिला."

काकू त्या वर्षीच्या हिवाळ्यात गेल्या, न्यूमोनियानं, आठवड्याभरात. पुढच्या वर्षी काकांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आला आणि वाढत गेला. लायसन्स गेलं. डग त्यांना पिकअपमधून शनिवारी न्यायचा. भांडं सापडलं की काकांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "रीड हर, विश." काका अंगठ्यानं टिंबं चाचपत वाचायचे. कोरलेल्या नावाचा हा एक फायदा, ते अंधारातही सापडतं. पण भांडी आता फार मिळत नव्हती. ती पिढीच संपत आली होती.

निखिल आला तो घर विकायलाच. त्याला कुणी वाईट म्हणू नये. कॅलगरीला बाबांसाठी खालच्या मजल्यावर खोली, वॉशरूमला धरायच्या दांड्या, सगळं करून आला होता. भांड्यांपैकी काय ठेवायचं म्हणून त्याला मी विचारलं, तर त्यानं काकूंची कळशी बाजूला काढून ठेवलीच होती. "आईची मी नेतोय," म्हणाला. "बाकीच्यांचं काय करू, ताई? आय डोन्ट नो देम." काका आतून ऐकत होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. प्रत्येकानं आपल्या आईची ठेवली असती तर मी कशाला हिंडलो असतो?"

मी दोन भांडी घेतली. मालतीचा गडू आणि एक डबा. बेसमेंट सोडून मी घेतलेला काँडो दोन खोल्यांचा आहे, त्यात तेवढीच मावतात. डगनं एक परात घेतली, कशाला ते त्यालाही माहीत नव्हतं. बायकोला काय सांगणार म्हणून विचारलं, तर म्हणाला, "शी नोज अबाउट विश अँड हिज विमेन."

सेल ऑक्टोबरात झाला, चांगलं ऊन असलेल्या शनिवारी. सामान काढणाऱ्या कंपनीची दोन मुलं टेबलं लावत होती. काकांनी खुर्ची ड्राइव्हवेवर मागवली, अंगात कोट, डोक्यावर माकडटोपी. म्हणाले, प्रत्येक भांडं माझ्या हातातून जाऊ दे. सकाळभर तसंच चाललं. कुणी काही उचललं की मी ते काकांच्या मांडीवर आणून द्यायची, ते अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "धिस इज शकुंतला. फ्रॉम हर ब्रदर." "धिस इज मिसेस कमल. हर फ्रेंड्स गेव्ह हर." लोक सभ्य होते. हाउ लव्हली, म्हणायचे. एका जोडप्यानं बंब दिव्याचा स्टँड करायला घेतला. प्रमिलाताईंचं गंगाळ एका माणसानं आपल्या कुत्र्यासाठी नेलं, मोठा कुत्रा होता. काकांनी त्यालाही नाव सांगितलं. तो म्हणाला, कुत्र्याचं नाव बडी.

संध्याकाळी उरलेलं सगळं भंगारच्या एका ट्रकवाल्यानं एकदम उचललं. ते कुठं गेलं असेल ते मला माहीत आहे, तुम्हालाही कळलं असेल. काका आठवड्यानं कॅलगरीला गेले आणि दुसरा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. तिथून दर रविवारी फोन करायचे, हवेबद्दल बोलायचे, माझ्या नोकरीबद्दल विचारायचे. भांड्यांचं नाव त्यांनीही काढलं नाही आणि मीही नाही. निखिल सांगतो, शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं, पण त्रास कुणाला दिला नाही.

मला त्या दिवशीची दुपारच आठवते. गर्दी ओसरली होती. एक तरुण बाई आली, हसरी, हातमोजे घातलेली. तिनं काकांनी कुठल्याशा सेलमधून आणलेली एक कळशी निवडली, छान घडीव, गळ्याशी बारीक रेघा. मी ती काकांच्या मांडीवर ठेवली. बाई म्हणाली, पोर्चवर फुलं लावणार आहे हिच्यात, पाणी जायला बुडाला दोन-तीन भोकं पाडून घेईन. मग वाकून बोट लावून विचारलं, "इज दॅट रायटिंग? व्हॉट डझ इट से?"

काकांचा अंगठा टिंबांवरून गेला. परत मागे आला. पुन्हा एकदा गेला. त्यांना ते वाचता आलं होतं, मला दिसत होतं. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी दुसरा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"नो, नो," ते म्हणाले. "इट्स ओन्ली अ डिझाइन."

"इट्स सो प्रिटी," बाई म्हणाली आणि कळशी कडेवर घेऊन गाडीकडे गेली.

त्यानंतर त्यांनी कुठलंच भांडं हातात मागितलं नाही. टोपी खाली ओढून उन्हात बसून राहिले. कळशीवर कोरलेलं होतं, 'सौ. द्वारका'. कुणाकडून ते नव्हतं, गावही नव्हतं.